एअरसॉफ्ट रायफल जुनी, वापरलेली दिसावी यासाठी काय करावं?

नवी कोरी एके-४७ची एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे मारणारी) प्रतिकृती खेळण्यासारखी चकाकते आणि ती वापरलेली वाटायला हवी, हे कळलं. पण आधी पॉलिश पेपर खाली ठेवा आणि हात कुठे कुठे लागतो ते बघा. सेफ्टीचा (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला) लांब खटका वर-खाली होताना बॉडीवर कमानीसारखा ओरखडा पाडतो. एकेची खरी ओळख तीच. शिवाय मॅगझिन घुसतं त्या कडा आणि पट्ट्याची कडी. सपाट भागावर ओरखडे ओढत बसलात तर उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं (माझी पहिली अशीच वाया गेली).

बॉडी प्लास्टिकची असेल तर घासू नका, आतून काळं प्लास्टिकच निघतं. साबणाच्या पाण्यानं पुसून तेलकटपणा घालवा. चपट्या ब्रशला थोडा चंदेरी अ‍ॅक्रिलिक घ्या, तो कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि फक्त कडांवरून हलकेच फिरवा. वर ६बी पेन्सिलीची पूड बोटानं चोळली की रंगाचं लोखंड होतं.

बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर १००० नंबरचा पेपर चालेल. खालून पांढुरका धातू दिसेल, त्यावरही तीच पूड.

लाकूड खरं असेल तर कडा घासून जवसाचं तेल चोळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात.

नळीचं नारिंगी टोक मात्र तसंच राहू द्या, आणि बाहेर नेताना रायफल पिशवीतच.