माग दिवसभर चालतो, मग पैसा जातो कुठं?

प्रश्न: आम्ही वडगावात राहतो, घरात दोन यंत्रमाग आहेत. सूत आणि जर व्यापारी देतो, साड्या तोच नेतो, आम्हाला साडीमागं मजुरी. कांड्या सासूबाई भरतात. आजूबाजूला अपार्टमेंट उठल्या, शोरूम आले, आमची मजुरी आहे तिथंच. मुलगा म्हणतो गोव्याला हॉटेलात जातो. असं का होतं, आणि आम्ही करायचं काय?
– एक वाचक भगिनी, बेळगाव

उत्तर: ताई, बेळगावात पैसा येत नाही असं नाही, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, मशीन शॉप बघा की, पण तो तुमच्या गल्लीपर्यंत पोचत नाही. माग तुमचा, लाईट बिल तुमचं, सासूबाईंच्या कामाचा तर कुणी हिशोबच धरत नाही, आणि दर मात्र ज्याच्या हातात सूत आणि गिऱ्हाईक दोन्ही आहे तो ठरवतो. तुमच्यापाशी बोलायला जागाच नाही, खरं दुखणं हे आहे. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे, घरातल्या कर्त्या बाईला मिळणारे महिन्याचे २००० रुपये जरूर घ्या, मोठा आधार आहे तो, पण त्यानं साडीचा दर वाढत नाही.

निपाणीकडच्या बिडी वळणाऱ्या बायका बघा. त्याही घरीच बसून काम करायच्या, हजार बिड्यांमागं मजुरी, वर खराब म्हणून काढून टाकलेल्या बिड्या वेगळ्याच. पण १९६६ च्या बिडी कायद्यानं घरी काम करणारीलाही कामगार मानलं, आणि त्या एकत्र आल्या म्हणून ते कागदावरचं थोडंतरी हातात पडलं. मागावाल्यांना असा आधार नाही, म्हणून कागद आपणच तयार करायचा.

आजपासून एक वही घाला. तारीख, किती साड्या, कुठलं डिझाईन, काय दर, डाग म्हणून किती पैसे कापले, आणि खाली साड्या नेणाऱ्याची सही. सही द्यायला तो कां कू करेल, तरी मागाच. मग गल्लीतल्या पाच-सहा घरांच्या वह्या एकत्र ठेवून बघा, एकाच साडीला दोन दर निघाले तर बोलायला तोंड मिळेल, आणि तेव्हा सगळ्यांनी मिळून जायचं, एकटीनं नाही. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, नसेल तर काढून घ्या, फुकट आहे.

मुलाला अडवू नका, पण जायच्या आधी खडेबाजारात जाऊन तुमच्यासारखी साडी दुकानात कितीला विकतात ते बघून यायला सांगा आणि त्याच वहीत, तुमच्या मजुरीच्या शेजारी, लिहायला लावा.