आजार नाही, तरी धास्ती आहे

प्रश्न : माझे वय ३४ आहे. आईला चाळिशीतच स्तनाचा कर्करोग झाला आणि त्यातच ती गेली. मी व धाकट्या बहिणीने जनुकीय तपासणी करून घेतली. माझ्यात बीआरसीए-१ या जनुकातील दोष आढळला, तिच्यात नाही. अहवाल येऊन पाच महिने झाले. आंघोळ करताना, कपडे बदलताना माझा हात आपोआप छातीकडे जातो आणि गाठ शोधू लागतो. घरचे म्हणतात, "तुला काही झालेले नाही, मग रडतेस कशाला?" बहीण माझ्याशी बोलायचे टाळते. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला हे सांगावे का?

उत्तर : घरच्यांचे बोलणे मायेपोटीच आहे, पण ते खरे नाही. 'मला काही होणार नाही' या भरवशावर बहुतेक माणसे निर्धास्त जगतात, आणि तो भरवसाच तुमच्याकडून हिरावला गेला आहे. त्याचे रडू येणारच. अहवालानंतर बळावलेली चिंता बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत ओसरू लागते. आईचे आजारपण जवळून पाहिलेल्या मुलींना मात्र अधिक वेळ लागू शकतो, कारण त्यांना अहवालातल्या आकड्याआधी आईच दिसते. या दोषामुळे आयुष्यभरात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात साठांहून अधिक असते, आणि ती मी कमी करून सांगणार नाही. तरीही आईला जे आधी कळले नव्हते ते तुम्हाला कळले आहे, त्यामुळे दरवर्षी एमआरआयसारख्या तपासण्या करून घेणे तुमच्या हाती आहे.

दिवसातून अनेकदा चाचपून पाहिल्याने घटकाभर बरे वाटते आणि मग भीती दुप्पट होऊन परतते. शिवाय मासिक पाळीच्या चक्रानुसार स्तनांतील ऊतींचा स्पर्श बदलत असल्याने नसलेली गाठही भासते. पाळीनंतरच्या आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि एरवी हात तिकडे गेला की स्वतःला त्या दिवसाची आठवण द्या. खरोखरच नवी गाठ जाणवली, तर मात्र ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

तुमच्यापुढचा सर्वांत अवघड प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असणार. बीआरसीए-१मधील दोषामुळे बीजांडकोशाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो, म्हणून हा दोष असलेल्या स्त्रियांना अपत्यांचा विचार पूर्ण झाल्यावर ३५ ते ४० या वयात बीजांडकोश व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला सहसा दिला जातो. त्याने तो धोका पुष्कळ घटतो, पण रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि शरीराविषयीचा इतका मोठा निर्णय भीतीच्या भरात किंवा कोणाच्या आग्रहाखातर घेऊ नये. जनुकीय समुपदेशकाकडे दोन-तीन वेळा जा, आणि एकदा तरी पतीला बरोबर न्या. भीतीमुळे झोप उडाली असेल किंवा तपासणीच टाळावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

बहिणीचे गप्प राहणे हा दुरावा असेलच असे नाही. 'मीच का सुटले?' हा अपराधभाव निर्दोष अहवाल आलेल्या भावंडांना फार छळतो. तिला तुम्हीच सांगा, "तू सुटलीस याचा मला आनंद आहे, फक्त माझ्यापासून लांब जाऊ नकोस."

मुलीत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी आहे. तिची तपासणी आता करायची नसते. सज्ञान झाल्यावर तो निर्णय तिने स्वतः घ्यायचा आहे. पण मुलांना घरातले वातावरण कळते, आणि न सांगितलेल्या गोष्टीची कल्पना ती सत्याहून भयंकर करतात. म्हणून तिने विचारले की एवढेच सांगा : "आजीला जो आजार झाला तो मला झालाच तर लवकर कळावा, म्हणून मी दरवर्षी तपासून घेते." पुढचे प्रश्न ती तिच्या वयाप्रमाणे विचारील.