हलक्या खडीच्या काँक्रीटमधील तडे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत औष्णिक केंद्रातील राखेच्या भाजलेल्या गोळ्यांची खडी वापरून केलेले सिलिंडर ताणबलाच्या चाचणीत आडवे ठेवून फोडले. नेहमीच्या काँक्रीटमध्ये तडा खडीला वळसा घालून जातो. येथे मात्र खडीच दुभंगलेली दिसली. हा मिश्रणाचा दोष समजावा का, आणि अशा काँक्रीटला तडे अधिक जातात का? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : हा दोष नव्हे, या काँक्रीटचा तो स्वभावच आहे. काळ्या दगडाची खडी सिमेंटच्या मसाल्यापेक्षा कितीतरी बळकट असते आणि तिच्या गुळगुळीत पृष्ठभागालगत पाणी साचून राहिल्यामुळे दगड व मसाला यांच्यामधला सांधा सर्वांत कमकुवत ठरतो. सच्छिद्र हलकी खडी ते पाणी शोषून घेते, तिच्या छिद्रांत सिमेंट शिरते आणि सांधा इतका पक्का होतो की त्याऐवजी दाणाच आधी फुटतो.

दाण्याची आणि मसाल्याची ताठरताही जवळपास सारखी असल्यामुळे भार एकसारखा वाटला जातो. म्हणूनच दाबाखाली सूक्ष्म तडे उशिरा सुरू होतात आणि भार व विकृती (भाराने होणारा आकारातला बदल) यांचा आलेख बराच वरपर्यंत सरळ राहतो. मात्र एकदा तडा सुरू झाला की त्याला अडवणारा कठीण दगड वाटेत नसतो, त्यामुळे भंग अचानक होतो. माझ्या मते अभ्यासक्रमात दाबबलावर जेवढा भर दिला जातो, तेवढाच या ठिसूळपणावरही द्यायला हवा. पोलादी तंतू मिसळले तर तडा गेल्यानंतरची ताकद लक्षणीय सुधारते.

खडी दुभंगून सरळ जाणाऱ्या तड्याच्या दोन्ही बाजू तुलनेने गुळगुळीत असल्याने त्या एकमेकींत अडकत नाहीत आणि बीमची कर्तनबल (आडवे कापू पाहणारे बल) पेलण्याची क्षमता घटते. याच कारणासाठी अमेरिकी संहिता एसीआय ३१८ हलक्या काँक्रीटसाठी ०.७५ पर्यंत उतरणारा घटगुणक लावते. नेहमीच्या काँक्रीटचे तक्ते जसेच्या तसे वापरणे धोक्याचे आहे. युरोपीय संहितेनुसार घनता १८०० किलो प्रति घनमीटर असेल, तर स्थितिस्थापकता गुणांक (ताठरतेचे माप) त्याच दाबबलाच्या नेहमीच्या काँक्रीटच्या सुमारे दोन-तृतीयांश धरावा लागतो. म्हणजे स्लॅब अधिक वाकणार, हे खरे. पण रोखून धरलेल्या आकुंचनातून निर्माण होणारा ताणही त्याच कारणाने कमी राहतो, ही बाजू बहुधा विसरली जाते.

तडे अधिक जातात का, याचे उत्तर त्यामुळे ओलाव्यावर अवलंबून आहे. आधी भिजवलेली खडी आतून हळूहळू पाणी पुरवते आणि सुरुवातीचे आकुंचन कमी करते. तरीही आतला भाग ओला असताना पृष्ठभाग झपाट्याने वाळला, तर वरच्या थरात ताण येऊन तडे पडतात. अखेरचे आकुंचनही सहसा अधिकच असते. आपले सिलिंडर चाचणीपूर्वी उघड्यावर वाळले होते का, हे अवश्य तपासा, कारण अर्धवट वाळलेल्या नमुन्याचे ताणबल ओल्या नमुन्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरते.

काळजीपूर्वक वापरल्यास हे काँक्रीट काय पेलू शकते, याचा दाखला नॉर्वेतील स्टोल्मा पूल देतो. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या पुलाच्या ३०१ मीटर लांबीच्या मुख्य गाळ्याचा मधला भाग हलक्या खडीच्या काँक्रीटचा आहे.

प्रश्न : पंपाने वर चढवलेले असे काँक्रीट घट्ट होते, म्हणून साइटवर पाणी घालावे का? (एक कंत्राटदार, नाशिक)

उत्तर : घालू नये. पंपाच्या दाबामुळे मिश्रणातील पाणी खडीच्या छिद्रांत ढकलले जाते, म्हणून काँक्रीट घट्ट वाटते. वरून पाणी घातले की ताकद घटते, आकुंचनाचे तडे वाढतात आणि हलके दाणे तरंगून वर येतात. खडी मिश्रणापूर्वी पुरेशी भिजवून घ्यावी, प्रवाहिता कमी पडल्यास प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता मिश्रण पातळ करणारे रसायन) वापरावा आणि व्हायब्रेटर एका जागी फार वेळ धरू नये.