वाचकांचे प्रश्न : हवामान बिघडलं की मुलं कोणाकडे?

मुलांना सांभाळायला माणूस ठरलेला असतो. हवामान बिघडलं की अडचण येते ती जागेची आणि वेळेची. ऊन, पाऊस, थंडी आणि बर्फ यांच्यामुळे घराची घडी विस्कटल्याची बरीच पत्रं या वेळी आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. भुसावळच्या पत्राला सर्वात जास्त जागा दिली, कारण खान्देशात निम्म्या घरांचा उन्हाळा तसाच जातो.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला. मिस्टर रेल्वेत रनिंग स्टाफला, मी पतसंस्थेत. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की मुलं साडेअकराला सुटतात आणि मी सहाला घरी येते. शेजारच्या काकू सांभाळायला तयार आहेत, पण त्यांच्या खोलीवर पत्रे आहेत. दुपारी तिथं बसवत नाही. काय करावं? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : काकू सोडू नका, जागा बदला. मुलांनी काकूंकडे जाण्याऐवजी काकूंनी साडेअकरा ते सहा तुमच्याकडे यावं, हे मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बोलून घ्या. स्वतःचं घर सोडून यायचं म्हणून पैसेही थोडे वाढवून द्या. रिक्षावाल्या दादांनाही बदललेला पत्ता तेव्हाच सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी मुलं कुलूपबंद दारापुढे उन्हात उभी राहतील.

भुसावळ-जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि तो आकडा सावलीतला असतो. पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि ती धग खाली सोडतो. हवा चाळिशीच्या पुढे गेल्यावर नुसता पंखा अंग गार करत नाही, उलट गरम हवा अंगावर मारतो. तुमच्याही घरात वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची खोली टाळा. तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडा. जुन्या धाब्याच्या घरात एखादं ओळखीचं कुटुंब राहत असेल तर दुपारसाठी त्याहून चांगली जागा नाही. जाड मातीचं छत उशिरा तापतं.

कूलरबद्दल सविस्तर लिहितो, कारण तो जसा आधार आहे तसाच धोकाही. तो खिडकीत असा बसवा की बाहेरची हवा आत ओढेल, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. सगळं बंद केलं की खोलीत दमट हवा कोंडते, घाम वाळत नाही आणि मुलं चिडचिडी होतात. लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात आणि त्यात लहान मुलंही असतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला वायरमनकडून तीन गोष्टी बघून घ्या : थ्री-पिनचं अर्थिंग खरोखर चालू आहे का, पंपाची वायर सोललेली तर नाही, आणि मीटरपाशी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बसवलेला आहे का. आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा, बाकीचा खर्च नंतर. पाणी भरताना बटण बंद करून पिनसुद्धा काढायची. टाकी सकाळी तुम्हीच भरून जा. दुपारी भर घालावी लागली तर पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, हे काकूंना करून दाखवा, नुसतं सांगू नका. मुलांचा हात कूलरला लागणार नाही एवढ्या अंतरावर खाट किंवा टेबल आडवं टाका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून वाळवा, कारण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो.

मुलं खेळात असली की पाणी मागत नाहीत. प्रत्येकाची वेगळी बाटली ठेवा आणि दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट, असा नियम काकूंना सांगा. किती प्यायलं हे मोजण्यापेक्षा लघवीकडे लक्ष ठेवणं सोपं : रंग गडद पिवळा झाला किंवा सहा तासांत लघवीच झाली नाही, तर पाणी कमी पडतंय. जुलाब किंवा उलट्या होत असतील तर ओआरएस. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी कालवायची आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. अर्धी पुडी अंदाजे टाकली की क्षारांचं प्रमाण चुकतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. ताक, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी रोजच्यासाठी उत्तम.

सकाळी करून ठेवलेला वरणभात किंवा खिचडी ४० अंशांच्या घरात दुपारपर्यंत टिकत नाही. बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं ओलं अन्न फ्रिजबाहेर तासापेक्षा जास्त ठेवू नये. दशम्या, भाकरी, कोरडी चटणी डब्यात चालेल. वरणभात फ्रिजमध्ये ठेवून काकूंनी वाफ येईपर्यंत गरम करून द्यावा.

ऊन लागल्याची खूण काकूंना पाठ असायला हवी. अंग भाजल्यासारखं तापलेलं, मूल असंबद्ध बोलतंय, झोपेतून नीट जागं होत नाही, झटका आला, तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही : कपडे सैल करून अंगावर पाणी ओतायचं, मान, काखा आणि जांघांत ओल्या घड्या ठेवायच्या, पंखा लावायचा. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाचं औषध इथे उपयोगाचं नसतं. कांदा खिशात ठेवल्याने समाधान वाटत असेल तर ठेवा, पण त्याच्या भरवशावर मुलाला दुपारी बारा ते चारमध्ये बाहेर सोडू नका.

राहिली वीज. ती गेली की कूलर बंद आणि खोली तासाभरात तापते. त्यासाठी तळमजल्यावर राहणारं दुसरं एक घर आधीच बोलून ठेवा. मिस्टरांच्या सुट्टीवर बेत आखू नका. रनिंग स्टाफचा कॉल केव्हा येईल सांगता येत नाही, आणि रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला दिवसा झोप मिळायलाच हवी. काकू आजारी पडल्या तर शाळेतल्याच एखाद्या नोकरदार कुटुंबाशी अदलाबदल करा : त्यांच्या अडचणीला तुम्ही, तुमच्या अडचणीला ते.

प्रश्न : मी डाळमिलमध्ये कामाला आहे. बाळ नऊ महिन्यांचं, सासूबाई सांभाळतात. मी काढून ठेवलेलं दूध उन्हाळ्यात किती वेळ चालतं? मध्येच लाइट गेली तर? – जळगाव

उत्तर : ताजं काढलेलं दूध २५ अंशांच्या खोलीत चार तास टिकतं, असं सगळीकडे छापलेलं असतं. एप्रिलमध्ये जळगावच्या कोणत्याही साध्या खोलीत २५ अंश नसतात, म्हणून तो आकडा तुमच्यासाठी नाही. दूध काढलं की सरळ फ्रिजमध्ये, तेही दारात नाही तर आत मागच्या बाजूला. तिथे ते चार दिवस चालतं. एकेका स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ६० ते १०० मिलीच ठेवा आणि वेळ लिहा. बाळाने तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं. गरम करताना गॅसवर उकळायचं नाही. कोमट पाण्याच्या वाटीत भांडं ठेवायचं.

लाइट गेल्यावर फ्रिज उघडलाच नाही तर साधारण चार तास आतला थंडपणा राहतो. घरातली माणसं पाण्याच्या बाटलीसाठी दर दहा मिनिटांनी दार उघडतात, तिथेच गणित बिघडतं. पिण्याचं पाणी माठात ठेवा, फ्रिजचं दार आपोआप बंद राहील. कामावर दूध काढत असाल तर बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्मासचा डबा न्या. डाळीची धूळ बारीक असते. आधी कोपरापर्यंत हात धुवा आणि अंगावरचा कामाचा शर्ट काढून ठेवा. बाळ सहा महिन्यांच्या पुढचं आहे, त्यामुळे मधून मधून उकळून गार केलेलं पाणी द्यायला हरकत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र कितीही ऊन असलं तरी वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा पाजायचं.

आणखी एक. ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावीच लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात तशी दुरुस्ती झाली. मिलमध्ये एवढी माणसं असतील तर चार-पाच जणींनी मिळून लेखी अर्ज द्या. एकटीने तोंडी विचारलेलं विसरलं जातं.

प्रश्न : पावसाळ्यात शाळेला सुट्टी रात्री उशिरा जाहीर होते. सकाळी कोणाला सांगणार? – धुळे

उत्तर : सुट्टीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. तो जिल्हा माहिती कार्यालयाच्या किंवा प्रशासनाच्या अधिकृत पानावर बघा; ग्रुपवर फिरणारं पत्र गेल्या वर्षीचंही असतं, तारीख वाचा. त्याआधी इशारा मिळतोच : हवामान खातं जिल्हावार रंगांचे इशारे पुढच्या चार-पाच दिवसांसाठी देतं. ऑरेंज किंवा रेड दिसला की आदेशाची वाट न बघता त्याच संध्याकाळी सांभाळणाऱ्याला ‘उद्या कदाचित’ असा निरोप द्या. पांझरेला पूर आला की धुळ्यात नदीकाठचे रस्ते आणि फरशी पूल बंद होतात, म्हणून पर्यायी माणूस नदीच्या तुमच्याच काठावरचा हवा.

प्रश्न : थंडीत आई बाळाच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवते. चालेल का? – शहादा

उत्तर : नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत झोपलेल्यांना कळायच्या आत तो जीव घेतो. शेक दिवसा, दार-खिडकी उघडी ठेवून द्या आणि झोपायच्या आधी शेगडी खोलीबाहेर न्या. निखारे राखेखाली झाकले तरी धोका तोच. रात्री बाळाला मोठ्या माणसापेक्षा एक कपडा जास्त पुरतो.

प्रश्न : मुलगा-सून टोरांटोला असतात, दोघंही नोकरी करतात. नात चार वर्षांची. बर्फामुळे पाळणाघर बंद झालं की त्यांची पंचाईत होते, म्हणून यंदा थंडीत मी जाते आहे. काय तयारी करू? – चाळीसगाव

उत्तर : आजी, सर्वात आधी मुलाला सांगून पाळणाघराच्या यादीत ‘मुलीला घेऊन जायची परवानगी असलेली व्यक्ती’ म्हणून तुमचं नाव लिहून घ्या. यादीत नाव नसेल तर सख्ख्या आजीच्याही हाती मूल देत नाहीत. पहिल्या वेळी पासपोर्ट जवळ असू द्या.

तिथे ‘बस रद्द’ आणि ‘शाळा बंद’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्फ झाला की शाळेच्या बस रद्द होतात, ते सकाळी सहाच्या सुमाराला कळतं. शाळा मात्र बऱ्याचदा चालूच असते. पाळणाघर शाळेच्या इमारतीत असेल तर शाळेबरोबर तेही बंद होऊ शकतं. तुमच्या नातीच्या पाळणाघराचा नियम कोणता, हे सुनेकडून कागदावर लिहून घ्या.

बाहेर जाताना कपड्यांचा क्रम चुकला की सगळं उतरवून पुन्हा घालावं लागतं. आधी बर्फाची पँट, मग बूट, मग जाकीट, मग टोपी, सर्वात शेवटी हातमोजे. आतून सुती नको. घामाने किंवा बर्फाने ओलं झालं की अंग गार पडतं, त्यापेक्षा लोकर बरी. लांब मफलर झोपाळ्यात, घसरगुंडीत अडकतो, म्हणून गळ्याला गोल पट्टा घाला. गाडीत बसवताना फुगीर जाकीट काढूनच सीटचे पट्टे आवळायचे. जाकिटावरून आवळलेले पट्टे धडकेत सैल पडतात. जाकीट वरून उलटं पांघरा. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे २७ च्या खाली गेली की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी घरातच खेळवा. बोटं किंवा कान पांढरे, बधिर झाले तर चोळायचे नाहीत, कोमट पाण्यात धरायचे.

तुमचे स्वतःचे बूट रबरी, खाचांच्या तळाचे असू द्या. ते तिथेच घ्या, इथले चालत नाहीत. घराचा पूर्ण पत्ता आणि ९११ हा तिथला तातडीच्या मदतीचा नंबर लिहिलेलं कार्ड फोनपाशी चिकटवून ठेवायला सांगा. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची धूर सोडणारी नळी घराबाहेर ज्या भिंतीतून निघते ती बर्फाने बुजली तर तोच शेगडीचा विषारी वायू घरात कोंडतो. जोरात बर्फ पडून गेल्यावर मुलाला ती मोकळी करायला सांगा आणि घरातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची बॅटरी पोहोचल्या दिवशीच तपासून घ्या.