वाचकांचे प्रश्न : ‘जॉइन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्रजीतल्या ‘जॉइन’ या साध्या शब्दाचे मराठी करताना दर वेळी अडखळायला होते. कोशात जोडणे, सांधणे, मिळणे, सामील होणे, रुजू होणे असे अर्थ एकापुढे एक दिलेले असतात आणि समानार्थी म्हणून ‘कनेक्ट’, ‘अटॅच’, ‘लिंक’, ‘युनाइट’, ‘मर्ज’ यांची रांग लावलेली असते. हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरता येतात का? आणि ‘मी जॉइन झालो’ हे मराठी म्हणायचे का?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे पुढे देतो, कारण त्याची वाट पहिल्या प्रश्नातून जाते. कोश अर्थ देतो; पण तो अर्थ कोणत्या नामाबरोबर नांदतो हे बहुतेक वेळा सांगत नाही, आणि अनुवाद करणाऱ्याचे घोडे तिथेच अडते. इंग्रजी एकच क्रियापद सगळीकडे चालवते. मराठी मात्र काय जोडले जात आहे, ते कोणी जोडत आहे की आपसूक घडत आहे, आणि जोडून झाल्यावर त्या दोहोंचे वेगळेपण उरते की नाही, हे पाहून क्रियापद निवडते. म्हणून ‘जॉइन’ला प्रतिशब्द शोधायला निघण्यापूर्वी त्या वाक्यातला कर्ता कोण आणि कर्म कोणते, हे आधी पाहावे.

निर्जीव वस्तूंचे तेवढे सोपे आहे. तारा जोडतात, तुटलेला दोर सांधतात, कागद चिकटवतात किंवा टाचतात, कापडाचे तुकडे शिवतात, मणी ओवतात, बैल गाडीला जुंपतात. धातूचे तुकडे वितळवून एकजीव करण्याला पारिभाषिक मराठीत ‘वितळजोडकाम’ म्हणतात. शब्द चांगला घडवलेला आहे, पण प्रत्यक्ष काम करणारा ‘वेल्डिंग’च म्हणतो आणि त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. यांपैकी ‘जोडणे’ हा सर्वांत व्यापक शब्द असून ‘सांधणे’ त्याहून अरुंद आहे. जे मुळात एक होते आणि तुटले, फाटले किंवा ज्यात फट पडली, ते सांधतात. नवीन नळ जोडतात, तो सांधत नाहीत; फुटून गळू लागला, म्हणजे सांधण्याची वेळ येते.

‘जोडणे’ आणि ‘जुळणे’ यांतला भेद मात्र फार मोलाचा आहे आणि इंग्रजी ‘जॉइन’मध्ये तो झाकला जातो. जोडण्याला कोणीतरी जोडणारा लागतो. जुळणे आपले आपण होते. मोडलेल्या हाडाचेच पाहा. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हाडाची दोन टोके समोरासमोर आणून पट्टी व स्क्रू लावतो, तेव्हा तो हाड जोडतो. पुढचे काम त्याच्या हातात नसते. मोडलेल्या जागेभोवती आधी मऊ पेशीजाल तयार होते, त्यात हळूहळू कॅल्शियमचे क्षार साठून ते कठीण होत जाते, आणि काही आठवड्यांनी क्ष-किरण चित्रात मधली रेघ पुसट झालेली दिसली की ‘हाड जुळून आले’ असे म्हणतात. इथे ‘हाड जोडले’ असे लिहिले, तर वाचकाला ती पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेची बातमी वाटेल. सूर जुळतात, मने जुळतात, हिशेब जुळतो, योग जुळून येतो. यांतले काहीही ‘जोडता’ येत नाही. आणि रस्ते किंवा नद्या यांच्या बाबतीत तर दोन्ही क्रियापदे बाजूला सारून मराठी ‘मिळणे’ वापरते. उपनदी मुख्य नदीला मिळते. ती तिला ‘जोडली जाते’ असे भूगोलाच्या अनुवादित पुस्तकांत वाचले, की नदीऐवजी जलवाहिनीच डोळ्यांसमोर येते.

आता माणसांकडे वळू, कारण रोजच्या व्यवहारात ‘जॉइन’चा खरा धुमाकूळ तिथे आहे. माणूस नोकरीवर रुजू होतो, सैन्यात भरती होतो, मंडळाचा सभासद होतो, राजकीय पक्षात प्रवेश करतो, मोर्चात सामील होतो, चर्चेत भाग घेतो, शिकवणीला नाव घालतो. इंग्रजीत या सर्वांना एकच क्रियापद पुरते. मराठीत ही अदलाबदल चालत नाही. ‘मोर्चात रुजू झाला’ म्हटले तर लोक हसतील आणि ‘बँकेत सामील झाला’ म्हटले तर बँकेत काहीतरी काळेबेरे चालले असावे असे वाटेल. ‘रुजू’ आणि ‘सामील’ हे दोन्ही शब्द मूळचे अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आले. ‘रुजू’च्या मूळ अर्थात परतण्याची, वळण्याची छटा आहे. आज मात्र तो शब्द कामावर हजर होण्याला असा चिकटला आहे की सरकारी पत्रात दुसरा शब्द सुचतही नाही.

यातच एक अस्सल मराठी वळण आहे, ज्याचा अनुवादकांना विसर पडत चालला आहे. ‘तुम्ही पुढे व्हा, मी मागाहून येऊन मिळतो.’ इंग्रजीत ‘जॉइन’ने जे सांगितले जाते, ते या ‘येऊन मिळणे’मध्ये पुरेपूर उतरते. त्याच्या जागी ‘मी तुम्हाला नंतर जॉइन करतो’ हे सर्रास ऐकू येते. त्यात व्याकरणाची मोठी चूक नाही, पण हाताशी असलेली चीज टाकून उसनवारी कशाला? एवढे मात्र लक्षात ठेवावे की ‘येऊन’ऐवजी ‘जाऊन’ आले, की अर्थ पालटतो. ‘तो त्यांना जाऊन मिळाला’ या वाक्यात फितुरीचा वास आहे.

आता ‘मी जॉइन झालो’. बोलण्यात हा प्रयोग पक्का रुळला आहे, आणि त्यात एक गंमत अशी आहे की तो पूर्णपणे मराठीच्या साच्यातला आहे. इंग्रजीत हे क्रियापद या अर्थी बहुधा सकर्मक असते, म्हणून ‘मी कंपनी जॉइन केली’ हे त्याचे जवळचे रूप म्हणायला हवे. पण बोलणाऱ्याच्या मनात ‘रुजू झालो’, ‘हजर झालो’ हे साचे आधीपासून तयार असल्यामुळे त्याने ‘करणे’ टाकून ‘होणे’ घेतले. बोलीत हे चालू द्यावे. लेखी मजकुरात, विशेषतः अर्ज, बातमी आणि पाठ्यपुस्तक यांत, ‘रुजू झालो’ हेच लिहावे, असे आमचे मत आहे.

राहता राहिले समानार्थी शब्द. ते खरे तर समानार्थी नसून भाऊबंद आहेत. ‘कनेक्ट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘एकत्र बांधणे’ हा अर्थ आहे; जोडलेल्या गोष्टींत अंतर असले तरी चालते, मधे संबंध असला म्हणजे झाले. म्हणून दूरध्वनीची ‘जोडणी’ आणि दोन घटनांचा ‘संबंध’ ही दोन्ही त्याचीच मराठी रूपे होतात. ‘अटॅच’मध्ये समानता नसते. लहान गोष्ट मोठीला लागलेली असते, जसे अर्जाला जोडलेले सहपत्र किंवा विद्यापीठाला संलग्न महाविद्यालय. ‘लिंक’ म्हणजे मुळात साखळीची कडी, आणि मराठीने त्यासाठी ‘दुवा’ हा छान शब्द उचलला. आशीर्वाद या अर्थाचा ‘दुवा’ वेगळा, तो अरबीतून आलेला. ‘युनाइट’मध्ये ‘एक’ या अर्थाचा लॅटिन शब्द बसलेला आहे, म्हणून तिथे एकजूट, ऐक्य, एकत्र येणे हे शब्द शोभतात.

‘मर्ज’ मात्र या घरातला असूनही वेगळ्या वृत्तीचा आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ बुडणे, बुडवणे असा आहे, आणि मराठीत त्याला लाभलेला ‘विलीन होणे’ हा प्रतिशब्दही विरघळून लय पावण्याचाच अर्थ सांगतो. दोन संस्था जोडल्या गेल्या तर दोन्ही नावे टिकू शकतात. एक दुसरीत विलीन झाली तर तिचे स्वतंत्र अस्तित्व संपते. बातमीत हे दोन शब्द बेफिकिरीने बदलले, तर भाषेचे सौंदर्य राहू द्या, वस्तुस्थितीच चुकते.

‘जॉइन’चे स्वतःचे मूळ सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरे व्हायचे नाही. फ्रेंचमार्गे तो लॅटिनमधल्या ‘युंगेरे’ या धातूपासून आला. अर्थ जोडणे, जुवाला जुंपणे. संस्कृतातला ‘युज्’ हा धातू त्याचा सख्खा नातेवाईक. योग, युक्त, संयोग, युग्म ही त्याची प्रजा, आणि बैलांच्या मानेवरचे ‘जू’ हेही संस्कृत ‘युग’ शब्दाचे मराठी रूप. इंग्रजीत त्यालाच ‘योक’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. त्यामुळे ‘जॉइंट अकाउंट’ला आपण ‘संयुक्त खाते’ म्हणतो, तेव्हा नकळत एकाच कुळातला शब्द दुसऱ्या घरून आणतो. मात्र पदनामांत ‘संयुक्त’ चालत नाही. ‘जॉइंट डायरेक्टर’ म्हणजे ‘सहसंचालक’. ‘युनायटेड’लाही आपण ‘संयुक्त’च म्हणत आलो आहोत, १९४५ साली स्थापन झालेल्या जागतिक संघटनेचे ‘संयुक्त राष्ट्रे’ हे नाव त्याचे सर्वांत परिचित उदाहरण.

प्रश्न : एका अनुवादित लेखात ‘दोन्ही देशांनी दहशतवादाविरुद्ध हात जोडले’ असे वाक्य वाचले. ते बरोबर आहे का?

उत्तर : मुळीच नाही. ‘जॉइन हँड्स’चे हे शब्दशः रूपांतर आहे. मराठीत हात जोडणे म्हणजे नमस्कार करणे, विनवणी करणे, किंवा वैतागून ‘आता पुरे’ म्हणणे. त्यामुळे वरच्या वाक्यात दोन्ही देश दहशतवादापुढे शरण गेल्यासारखे दिसतात. ‘हातमिळवणी केली’ हा जवळचा प्रयोग असला, तरी त्याला छुप्या संगनमताची किंचित छटा आहे. या वाक्यात ‘एकत्र आले’ किंवा ‘कंबर कसली’ हे अधिक स्वच्छ. ‘जोड’चे मराठीतले घर बरेच मोठे आहे, हेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. अभ्यासाला व्यायामाची जोड द्यावी, दोन सुट्ट्या जोडून याव्यात, वादात तडजोड व्हावी, एखाद्याने धन जोडावे आणि दुसऱ्याने माणसे जोडावीत. यांतल्या एकाही ठिकाणी ‘जॉइन’ हे क्रियापद जसेच्या तसे बसत नाही.

प्रश्न : न्यायालयीन कागदपत्रांत ‘अटॅचमेंट’, ‘इंजंक्शन’ आणि ‘रिजॉइंडर’ हे शब्द येतात. त्यांचा जोडण्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : व्युत्पत्तीत आहे, अर्थात फारसा उरलेला नाही. ‘इंजंक्शन’ आणि ‘रिजॉइंडर’ हे दोन्ही ‘जॉइन’च्याच कुळातले, पैकी पहिल्यात एखादी गोष्ट कोणावर ‘लादणे’, म्हणजे आदेश देणे, हा अर्थ पुढे आला. आज ‘इंजंक्शन’ला मनाई हुकूम आणि ‘रिजॉइंडर’ला प्रत्युत्तर म्हणावे. ‘अटॅचमेंट’बाबत अधिक सावध राहावे. ई-मेलमध्ये ती जोडलेली फाइल असते, पण मालमत्तेची ‘अटॅचमेंट’ म्हणजे जप्ती. ‘घर जोडण्याचा आदेश’ असे भाषांतर करून पक्षकाराच्या हाती दिले, तर बिचारा निश्चिंत होऊन झोपेल.

प्रश्न : संगणकशास्त्र शिकताना डेटाबेसमधील ‘जॉइन’ येतो. त्याला ‘जोडणी’ म्हणावे का?

उत्तर : माहिती परस्परांशी संबंधित तक्त्यांत मांडणाऱ्या संबंधाधिष्ठित (‘रिलेशनल’) डेटाबेसची संकल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, तेव्हापासून ही क्रिया तिच्यात आहे. विद्यार्थ्यांची माहिती एका तक्त्यात आणि गुण दुसऱ्यात असतील, तर दोन्हींतला समान रकाना, समजा हजेरी क्रमांक, पडताळून ज्या ओळी जुळतात त्या एकत्र आणायच्या. ‘इनर जॉइन’मध्ये न जुळणाऱ्या ओळी गळतात, ‘लेफ्ट जॉइन’मध्ये डावीकडच्या तक्त्यातल्या सर्व ओळी राहतात आणि जोडीदार न मिळालेल्यांपुढे जागा रिकामी दिसते. म्हणजे इथे आधी जुळवणे आणि मग जोडणे असे दोन टप्पे आहेत. समजावून सांगताना ‘जुळवून जोडणे’ असे म्हणावे. आज्ञा लिहिताना मात्र इंग्रजी शब्द तसाच राहणार, म्हणून संज्ञा म्हणूनही ‘जॉइन’च ठेवलेला बरा.