पुरवठा साखळीतल्या कंपन्या एकमेकांना सहकार्य का करतील? त्यांना त्यातून मिळतं काय?

तुम्ही विचारलंय, जो तो आपापला नफा बघत असताना खरेदीदार आणि पुरवठादार मनापासून एकत्र काम का करतील? भोसरी एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी टर्निंगचं शॉप आहे (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर धातूचे पार्ट कातायचे), म्हणून साखळीच्या खालच्या टोकाकडून सांगतो. वाचलेल्या पैशातला वाटा हातात पडणार असेल, तर करतील.

एका गिऱ्हाइकाचा बुश, म्हणजे नळीसारखा छोटा पार्ट, आम्ही बनवायचो. ड्रॉइंगवर बाहेरच्या व्यासाचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, इतका कडक, की टर्निंगनंतर ग्राइंडिंग करून अचूक माप आणावंच लागे. खरं तर ती बाहेरची बाजू कशात बसवायचीच नव्हती, त्यामुळे एवढ्या अचूकतेची गरज नव्हती. मी त्यांच्या डिझाइनवाल्यांना हे दाखवलं. टॉलरन्स सैल झाला, ग्राइंडिंग गेलं, नगामागे पावणेदोन रुपये वाचले. पुढच्याच महिन्यात परचेसने रेटमधून पुरते पावणेदोन रुपये कापले! आमचं ग्राइंडर रिकामं बसलं ते वेगळंच. नंतर त्यांच्याच दुसऱ्या जॉबमध्ये मला मटेरियल वाचवायची अशीच जागा दिसली, पण मी तोंड उघडलं नाही. त्याचं आजही वाईट वाटतं, कारण चांगलं मटेरियल महिनोन्‌महिने भंगारात जात राहिलं.

याच्या उलट अमेरिकेत क्रायस्लर या मोटार कंपनीने १९८९ च्या सुमारास केलं. पुरवठादाराने खर्च कमी करायची कल्पना सुचवायची आणि बचतीतला अर्धा वाटा तो स्वतःकडे ठेवू शकायचा. शिवाय गाडीचं डिझाइन सुरू असतानाच त्याला निवडून बरोबर घेतलं जायचं, त्यामुळे काम पुढे टिकेल याचा भरवसा असे. १९९५ अखेर अशा ५,३०० कल्पना अमलात आल्या होत्या आणि एकट्या क्रायस्लरची बचत वर्षाला १.७ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. पुढे १९९८ मध्ये कंपनी जर्मनीच्या डेमलरमध्ये विलीन झाली, तोटा वाढला, आणि २००० च्या अखेरीस सगळ्या पुरवठादारांना फर्मान निघालं: १ जानेवारीपासून दर सरसकट ५ टक्के कमी करा. असं पत्र हातात पडल्यावर नवी कल्पना घेऊन कोण जाईल?

दुसरी गोष्ट पेमेंटची. कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकराची तरतूद आली, की मुदत उलटली तर खरेदीदाराच्या उत्पन्नातून तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजा होईल. तेव्हापासून मार्चमध्ये गिऱ्हाइकांचेच फोन उलटे यायला लागले, ‘तुमचं उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योगाच्या नोंदणीचा दाखला) पाठवा’ म्हणून. अर्थात, धाकाने पैसे वेळेवर येतात, कल्पना येत नाहीत.

सध्या माझं एक गिऱ्हाईक ऑर्डरमध्येच दोन ओळी लिहून देतं: पहिल्या वर्षाची बचत निम्मी-निम्मी, आणि तीन महिन्यांचं शेड्यूल पक्कं. जॉबमध्ये काही दिसलं की त्यांच्या इंजिनियरला मी स्वतःहून फोन करतो.