ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या वागण्यात विश्वासामुळे नेमका काय फरक पडतो?

तुम्ही विचारलंय, रविवारचं चर्च आणि नाताळचा केक ठाऊक आहे, पण सोमवार ते शनिवार ख्रिस्ती माणसाचे निर्णय इतरांपेक्षा वेगळे असतात का?

खरं सांगू? बहुतेक वेळा नसतात. मी नगर जिल्ह्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवतो. पहाटे साडेपाचला शटर वर. गाईला रविवार कळत नाही, त्यामुळे रविवारीही तेच. तिथून धावतपळत उपासनेला, मागच्या बाकावर, शर्टाला दुधाचा वास. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही; शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, विहिरीत पडलेला बैल तुम्ही काढणार नाही का, असं येशूनेच विचारलंय. सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा की नाही यावर आमच्यात दोन तट आहेत. बायबलमधल्या करिंथ शहराच्या मंडळीतही मूर्तीपुढच्या अन्नावरून हाच घोळ होता, प्रेषित पौलाला पत्र लिहून समजवावं लागलं. मी घेतो, माझी आई घेत नाही. विषय संपला.

काट्याचा विषय मात्र असा संपला नाही.

दुधाचा काटा १०० मिलीवर सेट असला की त्याखालचं तो दाखवतच नाही. ७ लिटर ४८० मिली ओतलं तर आकडा येतो ७.४. वरचे ८० मिली जातात कुठे? कुठेच नाही, कॅनमध्येच असतात, फक्त शेतकऱ्याच्या पावतीवर नसतात. मी केंद्र घेतलं तेव्हा काटा तसाच मिळाला आणि चार वर्षं मी त्याला हात लावला नाही. माझ्याकडे ९० जण दोन्ही वेळा दूध घालतात. माणशी ५० मिली धरा, दिवसाला ९ लिटर. ज्यावर दुधाचा भाव ठरतो त्या फॅट, एसएनएफमध्ये (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मी कधी फेरफार केली नाही, याचा तर मला अभिमान होता. आणि सांडलवंड, नासकं दूध यात ते जिरतं, असं म्हणायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. थोडं जिरायचंही. बाकीचं माझ्या घरी यायचं.

एक म्हातारी आक्का आहे. एकच गाय, स्टीलची किटली. तिच्या २ लिटर ९० मिलीचे २ व्हायचे. चाळीस लिटर घालणाऱ्या बागायतदाराचेही ९० मिली गेले तर त्याला पत्ता लागत नाही. तिचे शंभरातले चार जायचे. हे माझ्या डोळ्यांसमोर रोज दोनदा व्हायचं, आणि मी मंदिरात दोन टोल्या, म्हणजे जवळची होती नव्हती ती दोन नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेची बायबलमधली गोष्ट रविवारच्या शाळेत पोरांना सांगायचो.

एका महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या रविवारी, बायबलमधलं वचन होतं जक्कयाचं. उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतो. 'कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो' हे त्याचं बोलणं मी शंभरदा ऐकलं असेल. त्या दिवशी रेव्हरंड टिळकांचं गीत झालं, पाळकांनी नेहमीप्रमाणे आत्मपरीक्षण करायला सांगितलं, आणि भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मला किटली दिसली. ताट मी पुढे दिलं. शेजारच्याला वाटलं, पोट बिघडलंय.

यात अजून एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना कळणार नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, पण आमच्या घरातला बाप्तिस्मा १८७६-७८च्या दुष्काळानंतरचा. 'धान्यासाठी बाटले' हा टोमणा माझ्या आजोबांनी ऐकला, वडिलांनीही ऐकला. त्या घरातला माणूस मापावर बसतो तेव्हा त्याच्याकडे गाव जरा जास्तच बघतं.

सोमवारी काटेवाल्याला बोलावून सेटिंग १० मिलीवर आणलं. अर्ध्या तासाचं काम. बायकोने विचारलं, "आणि आधी गेलं त्याचं?" मी डेअरीच्या कॅलेंडरमागे हिशेब मांडला. चार वर्षांचे १३,१४० लिटर, ३० रुपयांनी चौपट म्हणजे पावणेसोळा लाख. केंद्र विकूनही जमले नसते. जक्कय बहुतेक बराच श्रीमंत असावा.

मी पळवाट काढली. दिवाळीच्या बोनसमध्ये लिटरमागे थोडे जास्त दिले, पुढच्या वर्षीही. लोकांनी नारळ आणि टॉवेल देऊन माझा सत्कार केला. चोरीचा माल परत करताना सत्कार झालेला मी एकटाच असेन. दोन्ही वेळा तोंड उघडायची संधी होती; मी हात जोडून खाली बसलो.

पाळकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आधी भावाकडे जा, मग वेदीकडे ये, असं लिहिलंय. माझ्याकडे कशाला आलास?" नव्वद जणांपुढे जायचा धीर झाला नाही. एकीकडे गेलो. संध्याकाळच्या दुधाला गर्दी ओसरल्यावर आक्काला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्या दिवशीच्या 'दुधाच्या पगारात' तिचे वेगळे काढलेले पैसेही ठेवले होते, चौपट.

तिने नोटा दोनदा मोजल्या, कमरेच्या पिशवीत घातल्या.

"मला ठावं व्हतं की रं," ती म्हणाली. "समद्याच काट्यावर जातंय तेवढं." आणि किटली विसळायला नळाकडे गेली.

आता मी प्रभुभोजन घेतो. उरलेल्या एकोणनव्वद जणांना अजून सांगितलेलं नाही.